पन्नास किलोमीटरच्या बाहेर

नांदेड सोडून लोह्याच्या रस्त्याला लागलं की पन्नासाव्या किलोमीटरला, डाव्या हाताला, एका बाभळीच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा होता. तो बांधकाम खात्यानं मारलेला नव्हता. तो मारला होता आमच्या उस्तादांनी. निघताना मोटारसायकलच्या मीटरवरचा आकडा त्यांनी बॉलपेननं तळहातावर लिहून घेतला, सलूनच्या पायरीपासून गाडी काढली आणि हिशेबानं पन्नास भरले तिथं उतरून झाडाला पट्टा मारला. मी मागं बसलो होतो. चुन्याचा डबा माझ्या मांडीवर होता. "भाचे, ह्याच्या अलीकडं कंपनीचं," ते म्हणाले, "आन् ह्याच्या पलीकडं आपलं." भावाभावांत जमिनीची वाटणी सुखरूप पार पडावी तसे ते खूश दिसत होते. 'मामा, हे सगळं झूट आहे, गाडी वळवा आणि नांदेडात दुकान टाका,' एवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं. ते मी बोललो नाही.

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. तरुणपणी हैदराबादला चार वर्षं राहून त्यांनी हात तयार केला आणि येताना हा किताब घेऊन आले. नांदेडात सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मी मामा म्हणायचो, कारण ते माझ्या आजोळचे. आईच्या गावचा प्रत्येक माणूस मामाच असतो. त्यांच्या घराण्याकडं माझ्या आजोबांच्या घरची हजामत तीन पिढ्यांपासून होती. त्यामुळं वयानं माझ्या दुप्पट असूनही ते मला 'भाचे, तुमी' असंच बोलायचे. बी.कॉम. होऊन मी हदगावला घरी माशा मारत बसलो होतो, तेव्हा सलूनच्या काउंटरवर मला चिकटवलं ते त्यांनीच. "आमच्या गावचा भाचा हाय, इंग्रजी वाचतो," अशी माझी शिफारस केली होती.

सलून एका मोठ्या कंपनीच्या नावानं चालायचं. कंपनी पुण्याची आणि दुकान लातूरच्या आप्पांचं. आप्पांनी कंपनीकडून फ्रँचायझी घेऊन एक सलून लातुरात आणि एक नांदेडात टाकलं होतं. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा झब्बा, आणि बोलणं इतकं मऊ की कामावरून काढलेला माणूससुद्धा त्यांचे आभार मानून बाहेर पडायचा. उस्ताद नांदेडच्या सलूनचे मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे काय, तर शर्टावर तसा बिल्ला होता. बाकी दिवसभर ते आपल्या खुर्चीमागं उभेच.

माणूस त्यांना चेहऱ्यानं ओळखू यायचा नाही. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते गोंधळून बघत राहायचे, मग हळूच बाजूला सरकून त्याच्या डोक्यामागं नजर टाकायचे आणि एकदम खुलायचे. "दोन भवऱ्यांचे सर व्हय! बरं हाय ना?" टोपीवाल्याची आणि हेल्मेटवाल्याची मात्र त्यांच्याशी ओळखच निघत नसे. काम करताना आरशात कधी बघायचे नाहीत. आरसा गिऱ्हाइकासाठी असतो, न्हाव्यानं डोकं बघावं, असं त्यांचं म्हणणं. हातात वस्तरा असला की तोंड बंद. फोन वाजो, मालक हाक मारो, बाहेर गाड्या धडको, उस्ताद हूं की चूं करायचे नाहीत. सकाळी कामाला लागण्याआधी तीनदा हात धुवायचे आणि ओले हात शर्टाच्या पाठीला पुसायचे. कंपनीनं दिलेले मऊ टॉवेल समोर लटकत असायचे. ते गिऱ्हाइकाचे, म्हणायचे.

कंपनीचा नियम होता की दार उघडताच गिऱ्हाइकाला इंग्रजीत स्वागत म्हणायचं. उस्ताद म्हणायचे, "या, बसा." वरून साहेब आले की तेवढ्यापुरतं मला पुढं करायचे.

त्यांच्या खुर्चीत माणसं काय वाटेल ते बोलायची. एका प्लॉटवरून कोर्टात भांडणारे दोन भाऊ दोघंही त्यांचीच गिऱ्हाइकं होती. सोमवारी थोरला यायचा आणि गुरुवारी धाकटा. दोघंही डोळे मिटून एकमेकांचं उणंदुणं आणि आपापले पुढचे डाव सांगून जायचे. उस्तादांनी कधी सोमवारचं गुरुवारी केलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "भाचे, डोक्यावरचं काढावं. डोक्यातलं काढू नये." आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण नांदेडात त्यांचं खरं नाव होतं ते चंपीसाठी. ही चंपी त्यांच्या वडिलांची. कानामागून सुरुवात व्हायची, मग कपाळाच्या कडा, मग टाळू, आणि शेवटी मानेच्या खळग्यात दोन अंगठे रोवून ते मनातल्या मनात काहीतरी मोजायचे. किती मोजायचे ते कळायचं नाही, कारण ते प्रत्येकाला वेगळं होतं. देगलूरहून, उदगीरहून माणसं नुसत्या चंपीसाठी यायची. गिऱ्हाइकाचा जबडा ढिला पडला की ते थांबायचे आणि "बघा" म्हणायचे. 'झालं' हा शब्द त्यांना आवडायचा नाही. झालं फक्त मयताला म्हणायचं.

ही कीर्ती कंपनीच्या कानावर गेली. उस्तादांना तीन दिवस पुण्याला बोलावलं. तिथं दिवे लावून, कॅमेरे लावून त्यांच्याकडून चंपी करवून घेतली, एकेक अंगठ्याचे फोटो काढले. पुढं त्याचं एक गुळगुळीत पुस्तक आलं. त्यात चंपीला लांबलचक इंग्रजी नाव होतं आणि सात टप्पे पाडले होते. उस्तादांनी ते पुस्तक लाल कापडात गुंडाळून घरी देव्हाऱ्याखाली ठेवलं. येईल त्याला सांगायचे, "बापाची चंपी छापून आली. अंगठेबहाद्दर मानूस, पुस्तकात गेला." मला त्या वेळी खरंच आनंद झाला होता. मीसुद्धा त्या पुस्तकाचे फोटो काढून चार जणांना पाठवले होते.

पुस्तकापाठोपाठ कागद आला. एकतीस पानं, सगळी इंग्रजी. आप्पा लातूरहून स्वतः घेऊन आले. म्हणाले, "कंपनीनं सगळ्या मॅनेजरांकडून घ्यायला सांगितलंय. वाचून दाखवा त्यांना, नीट मराठीत सांगा." आणि काउंटरवर जपमाळ काढून बसले.

मी वाचू लागलो. गुप्ततेच्या कलमापाशी आलो. कामात असताना जे काही कळेल ते बाहेर कुणाला सांगायचं नाही, वापरायचं नाही, नोकरी संपल्यावरही नाही, असं मी सांगितलं. उस्तादांनी पेन खाली ठेवलं.

"भाचे, ही लिहून घ्यायची गोष्ट हाय का?"

"म्हणजे?"

"आमच्या बापानं गावातल्या चाळीस घरांचं ऐकलं. कुनाची सून माहेरी का गेली, कुनाच्या लेकराचं काय झालं. आन् मेला तवा समदं संगं घेऊन गेला. खुर्चीतलं बाहेर सांगनारा न्हावी असतोय का कुठं? पर बरं केलं कंपनीनं. आजकालच्या पोरांना सांगावंच लागतंय."

त्यांना वाटलं, कंपनीला न्हाव्याचा धर्म कळला. त्या कलमाचा अर्थ तो नव्हता. शेवटी एक यादी जोडली होती. त्यात गिऱ्हाइकांची नावं-नंबर होते, तेलांची मिश्रणं होती, आणि पाचव्या ओळीत ती चंपी होती, तिच्या इंग्रजी नावानं. म्हणजे बापाची चंपी आता कंपनीचं गुपित होती आणि उस्तादांना ती नोकरीबाहेर करायला बंदी होती. मला हे वाचताक्षणी समजलं. पण दुपारचे दोन वाजले होते, मला भूक लागली होती आणि आप्पा समोर बसले होते. "हां, तसंच काहीतरी," असं म्हणून मी पान उलटलं.

मग ते दुसरं कलम आलं. नोकरी संपल्यावर दोन वर्षं, कंपनीच्या कुठल्याही दुकानापासून पन्नास किलोमीटरच्या आत, केसांचं कुठलंही काम कुठल्याही स्वरूपात, मोबदला घेऊन किंवा न घेता, करायचं नाही. हे मात्र मी स्पष्ट सांगितलं. ते हसले.

"मी सोडून चाललोय कुठं? मंग कशाला भ्यायचं?"

सही करायला त्यांना प्रत्येक पानावर अर्धं मिनिट लागलं. घराण्यात सही करणारे ते पहिलेच. "बाप आंगठा द्यायचा," ते मला म्हणाले. "आंगठ्याला काय, कुनीबी हात धरून टेकवतंय. सही आपुन आपल्या मनानं करतो. म्हनून ती जबान असती." एकतीस वेळा त्यांनी आपलं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट लिहिलं. मी साक्षीदार म्हणून खाली गिचमिड केली.

वर्षभरात त्यांना काढलं. कारण असं की कंपनीला गिऱ्हाइकाच्या गळ्यात शाम्पू, सीरम, क्रीम मारायचं होतं आणि उस्ताद ते मारायचे नाहीत. एकदा साधं गिऱ्हाईक बनून कंपनीचा तपासनीस आला. केस कापून झाल्यावर त्यानं मुद्दाम विचारलं, "केस गळतात हो माझे. कुठलं तेल घेऊ तुमच्याकडचं?"

उस्तादांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं. "कायबी घेऊ नका. तुमचे केस बापावर गेलेत. जानार म्हंजी जानार. मोकळ्या मनानं जाऊ द्या."

तपासनिसानं हे शब्द न् शब्द लिहून नेलं. पंधरा दिवसांनी आप्पा आले, उस्तादांना शेजारी बसवून चहा पाजला आणि खांद्यावर हात ठेवून घरी पाठवलं. जाताना उस्तादांनी आपली कात्री आणि वस्तरा काउंटरवर मांडून मला मोजून दाखवला, की यात कंपनीचं काही नाही ना बघा. मी बघितल्यासारखं केलं.

ते दुसरं दुकान टाकतील ही आप्पांना धास्ती होती. निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या मागं गेली असती. म्हणून आप्पांनी मला कागदपत्रं देऊन लातूरला वकिलाकडं पाठवलं. वकिलानं कलम वाचलं आणि हसून चष्मा काढला.

"नोकरी संपल्यावर धंदा करू नको म्हणणारं हे कलम कोर्टात उभं राहत नाही. पोट भरायला माणूस काम करणारच. गुप्ततेचं कलम थोडंफार चालतं. पण चंपी त्याच्या बापाची आहे असं गाव सांगेल, मग तेही गेलंच."

"मग नोटीस कशाला द्यायची?" मी विचारलं.

"भिणारा असला तर भितो. नाही भ्यायला तर आपलं काय जातंय? एक रजिस्टर पोस्टाचं पाकीट."

परत आलो तर आप्पांनी मऊ आवाजात सांगितलं, की उद्यापासून मॅनेजर मी. आणि ते पाकीट पोस्टानं कशाला, ओळखीचे आहात, तुम्हीच हातानं नेऊन द्या. मी नेऊन दिलं. उस्तादांनी ते वाचून दाखवायला सांगितलं आणि मी वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. वकील काय म्हणाला तेवढं गाळलं. मला त्या बिल्ल्याचा मोह पडला होता आणि मी स्वतःला सांगत होतो की विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. "सही हाय आपली," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी चुन्याचा डबा घेऊन आले.

पट्टा मारून झाल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की पन्नास रस्त्यानं धरायचे की कावळ्याच्या वाटेनं? रस्ता वळणावळणाचा, त्यामुळं सरळ रेषेत अंतर कमी भरणार. मी म्हटलं, कागदात परीघ लिहिलाय. झालं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका गुरुजींकडं गेले आणि नकाशावर कंपासनं दोन वर्तुळं काढून घेतली, एक नांदेडभोवती, एक लातूरभोवती. दोन्हींच्या मधे जी चिंचोळी जागा उरली त्यात अहमदपूरच्या अलीकडं एक फाटा होता. तिथं त्यांनी पत्र्याची टपरी टाकली. खुर्चीसमोर आरसा, आणि आरशाशेजारी तो नकाशा. कुणी विचारलं की वर्तुळावर बोट ठेवून दाखवायचे, "हे बघा, आपुन हितं बाहीर हाय." बायको नांदेडात, कारण तिची शिवणाची मशीन आणि गिऱ्हाइकं तिथं. आठवड्यातून एकदा ते घरी यायचे आणि आले की पेटी फाट्यावरच ठेवून यायचे. वर्तुळाच्या आत वस्तरा आणायचा नाही.

नांदेडची काही जुनी डोकी तिकडंसुद्धा पोहोचली. त्यांना चंपी हवी असायची. उस्ताद हात जोडायचे. गुपिताला किलोमीटर नव्हते आणि वर्षंही नव्हती, हे नोटिशीतून त्यांना कळलं होतं. "ती आता कंपनीची हाय," असं सांगायचे. दोन भवऱ्यांचे सर एकदा चिडून म्हणाले, "अहो, बाप तुमचा ना?" उस्ताद म्हणाले, "बाप माझा. सहीबी माझीच."

सात महिने फाट्यावर बरे गेले. मग कंपनीनं अहमदपुरात सलून काढलं. ही बातमी घेऊन मीच गेलो. उद्घाटनाच्या सकाळी, कारण मला तिकडं हजर राहायचंच होतं. साडेदहा वाजले होते. एका म्हाताऱ्याची निम्मी दाढी झाली होती. उस्तादांनी ऐकून घेतलं, नकाशाकडं बघितलं आणि वस्तरा खाली ठेवून विचारलं, "फीत किती वाजता कापनार?"

"अकराला."

"मंग हे होतंय." त्यांनी उरलेली निम्मी दाढी शांतपणे केली, तुरटी फिरवली, "बघा" म्हणाले आणि अकराला पाच कमी असताना टपरीला कुलूप घातलं. बाकावर दोन माणसं वाट बघत होती. त्यांना हात जोडून म्हणाले, "आता हितं आपल्याला चालत न्हाई." मी हसलो. मला खरंच हसू आलं होतं. फीत कापायला उशीरच झाला, तोवर अहमदपूर गाठून मी आप्पांच्या शेजारी उभा राहून फोटोत आलो.

मधल्या दिवसांत, टपरी बंद होऊन त्यांना दुसरी जागा मिळायच्या आधी, माझे आजोबा गेले. आजोळचं गाव नायगावच्या अलीकडं, नांदेडपासून शेहेचाळीस किलोमीटर. दहाव्याला घरातल्या पुरुषांची डोकी करायचा मान उस्तादांच्या घराण्याचा. माझ्या पणजोबांच्या वेळी त्यांचे आजोबा बसले होते. गावातली न्हाव्यांची बाकी घरं केव्हाच शहरात गेली होती. नदीकाठी मामा लोक ओल्या धोतरावर ओळीनं बसले आणि उस्ताद आले. पांढरा शर्ट, रिकामे हात.

"पेटी कुठाय?" थोरल्या मामानं विचारलं.

"आनली न्हाई, दादा. सही केलीय मी. हे गाव आत पडतंय."

"कशाच्या आत?"

उस्तादांनी सगळं सांगितलं. कंपनी, परीघ, दोन वर्षं. मामा ऐकून घेत होता आणि त्याची कानशिलं लाल होत होती.

"अरे, बापाचा दहावा हाय माझ्या! दुकान मांडायला बोलावलं का तुला?"

"पैसे न घेताबी चालत न्हाई, दादा. तसंच हाय कागदात. भाचेनं वाचलंय. तेंनाच इचारा."

सगळी ओळ माझ्याकडं वळली. उस्तादसुद्धा माझ्याकडंच बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की मी 'आज चालतं' म्हणावं याची ते वाट बघत होते. चालतं म्हणालो असतो तर ते धावत जाऊन कुणाचा तरी वस्तरा मागून आणणार होते. पण आज चालतं म्हणजे उद्याही चालतं. उद्याही चालतं हे त्यांना कळलं की परवा सलूनसमोर त्यांचं दुकान, आणि माझी खुर्ची रिकामी.

"लिहिलंय खरं तसं," मी म्हणालो.

थोरला मामा उस्तादांना म्हणाला, "शहरात जाऊन लई शाना झालास. ऊठ." नायगावहून मोटारसायकलवर एक न्हावी आणला. तो येईपर्यंत दोन तास ओळ तशीच उन्हात बसली. मानाचा नारळ आणि धोतर त्या परक्या माणसाला गेलं. उस्ताद पलीकडं दगडावर बसून राहिले, जेवायला त्यांना कुणी हाक मारली नाही आणि ते पायीच गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत गेले. मी माझं डोकं त्या नायगावच्या न्हाव्यापुढं वाकवलं होतं. तो फार ओढत होता. त्या दिवशी मला माझी किळस आली. ती दोन-तीन दिवस टिकली.

त्यानंतर उस्ताद किनवटला गेले. रेल्वेच्या वाटेवरचं जंगलातलं गाव, कंपनी तिथं कधी येणार नाही अशी त्यांची खात्री. बाजारगल्लीत एक खोली घेतली. महिन्यातून एकदा घरी येणं व्हायचं. त्यांना मी विसरलो असं मी म्हणणार नाही, पण आठवण काढायचीही टाळायचो.

पुढं आप्पांच्या साडूचा मुलगा रिकामा होता, म्हणून आप्पांनी मलाही चहा पाजला. मीही त्याच एकतीस पानी कागदावर सही केलेली होती. पुढच्याच महिन्यात मी सलूनपासून तीन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. नोटीस आली. ती मी खिडकीच्या फटीत कोंबली, तिथून वारा यायचा. कुणी काही केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतंच. फक्त गिऱ्हाइकं येऊन बसायची, माझ्याकडच्या पोरांचे हात बघायची आणि विचारायची, "उस्ताद न्हाईत का?"

म्हणून, उस्तादांची दोन वर्षं भरायला अजून काही महिने असताना, मी किनवटला गेलो. पश्चात्तापानं गेलो असं लिहायला मला आवडलं असतं.

सकाळच्या गाडीनं पोहोचलो. उस्ताद दारात स्टुलावर बसले होते. मला बघून गोंधळले, उठले, बाजूला सरकून माझ्या डोक्यामागं पाहिलं. "भाचे!" खोलीत एक खुर्ची आणि केस कापायची एक मशीन होती. तिथं लोकांना पाच मिनिटांत मशीन फिरवून हवी असायची. हातांवरून ते म्हातारे वाटत होते.

मी एका दमात सांगून टाकलं. ते कलम कोर्टात टिकत नाही. कधीच टिकत नव्हतं. चला नांदेडला, माझ्या दुकानात.

ते परत स्टुलावर बसले. मग विचारलं, "चंपीचंबी?"

"चंपी तुमच्या बापाची आहे, मामा. ती दुसऱ्या कुणाच्या बापाची होत नाही."

त्यांनी दोन्ही अंगठे एकमेकांवर दाबून बघितले. "इसरल्यावानी झालीय," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "भाचे, हे तुमाला कदी कळलं?"

मला वाटलं होतं ते चिडतील, आप्पांना शिव्या देतील. एवढा साधा प्रश्न मी धरलाच नव्हता.

"गेल्या महिन्यात," मी म्हणालो.

"आन् कळल्याबरूबर आलात? एवढ्या लांब?" त्यांचे डोळे भरून आले. समोरच्या टपरीवर त्यांनी ओरडून चहा सांगितला, साखर जास्त. नांदेडला बायकोला फोन लावला. "अगं, भाचे आलेत. मी येऊन राहिलो घरी." फोन ठेवला आणि म्हणाले, "मंग तवा थोरल्या मालकाच्या दहाव्याला मी..." माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. तवा तुमाला तरी कुठं ठाव व्हतं."

मी चहा प्यायलो. गोड होता फार.

ते नांदेडला आल्याची बातमी दोन दिवसांत आप्पांपर्यंत गेली. आप्पांनी माणसाकरवी निरोप धाडला, की झालं गेलं विसरा, मॅनेजर म्हणून परत या, कागद वगैरे काही नको. उस्तादांनी तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला, कारण माझ्यापासून लपवायचं त्यांना काही कारणच नव्हतं. उस्तादांची आमच्या दुकानातली पहिली सकाळ होती. बाकावर चार माणसं येऊन बसली होती, त्यात दोन भवऱ्यांचे सर होते, आणि ती सगळी उस्तादांसाठी आलेली होती. मी उस्तादांना आतल्या खोलीत बोलावलं आणि त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. एकच पान, मराठीत. रात्री मीच टाइप केला होता. दुकान सोडलं तर दोन वर्षं नांदेडात कुठंही काम करायचं नाही, असं त्यात होतं. हा कागद कुठल्याही कोर्टात टिकणार नाही हे मला ठाऊक होतं. तो ज्याच्यावर टिकेल असा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस होता, हेही मला एकट्यालाच ठाऊक होतं.

त्यांनी कागद वाचला, ओठ हलवत, सावकाश. मग वर बघितलं. आवाजात संशय नव्हता, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"भाचे, हा तरी खरा हाय ना?"

"हा खरा आहे, मामा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.